दोन इंच मागे

सोमवार, ४ मार्च
आजपासून रोज लिहिणार. डाव्या खुब्याचं दुखणं सहा आठवड्यांत मुळापासून जाणार आहे, तेव्हा लेखी पुरावा असलेला बरा.
डॉक्टर म्हणाले, खुब्याच्या बाजूचा स्नायू ढिला पडलाय, म्हणून चालताना कंबर एकीकडे झुकते. सहा आठवडे व्यायाम करा, नाहीतर ऑपरेशनचं बघू. ऑपरेशन म्हणजे तीन महिने घरी. शिंप्याच्या दुकानात कटिंगच्या टेबलाशी मी एकतीस वर्षं उभा आहे. तीन महिने मी नसलो तर ते टेबल माझं राहणार नाही, हे मला कुणी सांगायला नको.
फिजिओबाई आमच्या मुलीपेक्षाही लहान. उजव्या कुशीवर झोपवलं. पाठ भिंतीला, टाच भिंतीला, वरचा खुबा बरोबर खालच्या खुब्यावर. मग डावा पाय उचलायचा, टाच भिंतीला घासत. आठ वेळा. आठव्याला पाय असा थरथरला की मीच बघत राहिलो. बाई म्हणाल्या, "काका, पाय किती वर जातो ते सोडा. अंग कसं ठेवता ते बघा. अंग हललं की दुसराच स्नायू काम करतो."
जन्मभर मापं घेणाऱ्याला माप शिकवतायत. मान डोलावली.

मंगळवार, ५ मार्च, सकाळी ६
आमच्या पलंगाच्या भिंतीला कपाट. म्हणून भिंतीशिवाय केलं. पलंगाच्या मधोमध. जागा ऐसपैस, पाय झरझर वर. वीस झाले.
काल आठ, आज वीस. शरीर मूळचं चांगलं असलं की असं होतं.

शुक्रवार, ८ मार्च
चाळीस. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, तुम्ही मागे रेलताय. असं तर आरामखुर्चीत बसतात." मी सांगितलं, उगाच ताठ राहून इजा होते. ती म्हणाली, बाईंनी तर भिंत सांगितली होती. मी म्हटलं, भिंत नवशिक्यांसाठी असते.
उद्यापासून दार लावून करणार.

बुधवार, १३ मार्च
मांडीचा पुढचा भाग ठणकतोय. उत्तम लक्षण. स्नायू तयार होतोय.
दुसरा व्यायाम पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा. टाचा कुल्ल्यांच्या अगदी जवळ घ्यायच्या. जवळ घेतल्या की गुडघे करकरतात आणि चार वेळांत दम जातो. मी टाचा हातभर पुढे ठेवतो. पंचवीस आरामात. फक्त मांडीच्या मागे गोळा येतो. तोही चांगलाच असणार.

शनिवार, १६ मार्च
पँटचा डावा पाय जमिनीला घासतोय. उजवा नाही. कापड आटलं असेल, एकाच बाजूने. डाव्या पायाची तळपट्टी अर्धा इंच वर घेतली.
आता अगदी समान दिसतं. उभं राहिल्यावर. चालताना कोण बघतं.

गुरुवार, २१ मार्च
दुकानात कोटाचा पुढचा भाग कापताना रेघ सरकली. एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभा होतो, कात्री चालू असतानाच खुब्यात चमक आली. एकतीस वर्षांत पहिलं कापड वाया. मालकांनी तो तुकडा घडी करून बाजूला ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. दुपारी टेबलाजवळ एक खुर्ची आणून ठेवली.
खडू ओला होता, असं मी सांगितलं.
खुर्चीवर बसलो नाही. त्यावर कापडाचे तागे ठेवले.

रविवार, २४ मार्च
टेपने डावी मांडी मोजली. पाव इंच वाढली. पुन्हा मोजली, वाढ गेली. तिसऱ्यांदा टेप जरा सैल धरली. पाव इंच.
गिऱ्हाइकाचं माप मी असं कधी घेतलं नसतं. पण हे घरगुती आहे.

सोमवार, १ एप्रिल
साठ. आकडा हाच खरा साक्षीदार.
तरी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. साठ वेळा पाय उचलणाऱ्याला कठडा का लागावा, हे कळत नाही. बहुतेक जिना जुना आहे.

शनिवार, ६ एप्रिल
दुकानाच्या जिन्यावर डावा पाय निसटला. हातात शिवून तयार तीन सूट. बटणवाल्या काकांनी दंड धरला म्हणून वाचलो. काका सत्तरीचे, दिवसभर खिडकीपाशी बसून काज-बटण करतात. मी त्यांना कधी नीट नमस्कारही केलेला नाही. म्हणाले, "मास्तर, मीही कटिंगलाच होतो." मला माहीत नव्हतं.
पायरी ओली होती.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पायरी ओली नव्हती.

मंगळवार, ९ एप्रिल
नवा निश्चय. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. सहा दिवस उरलेत. फिजिओबाईंचे दोन फोन आले होते, मध्येच दाखवून जा म्हणून. जायची गरज नाही. एकदम निकालच दाखवणार.

शुक्रवार, १२ एप्रिल
डावा मोजा घालता येत नाही. वाकलं की मांडीचा पुढचा भाग दगडासारखा. हिने मोजा घातला. मुलीचा फोन आला तेव्हा हिने सांगितलं, बाबा ठीक आहेत. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.
मी शंभर पूर्ण केले. दुसरं काय करणार. मला दुसरं काही येत नाही, ना कामात, ना यात.

सोमवार, १५ एप्रिल
गेलो. साठ करून दाखवले, न थांबता. वाट बघत होतो शाबासकीची.
बाईंनी एक हात मांडीच्या पुढे ठेवला, दोन बोटं खुब्याच्या बाजूला. म्हणाल्या, "आता उचला." उचलला. "काका, पुढचा हात बघा, दगड लागतोय. आणि इथे, बोटांखाली काहीच नाही. सगळं काम पुढची मांडी करतेय."
मी म्हटलं, इतके दिवस? सहा आठवडे?
त्या म्हणाल्या, कंबर मागे कलली की पाय बाजूला न जाता पुढून वर येतो, मग बाजूच्या स्नायूला काही काम उरत नाही. मग माझा वरचा खुबा धरून पुढे ढकलला. जेमतेम दोन इंच. टाच भिंतीला लावली. "उचला."
वीतभरही गेला नाही.
दोन इंच. दोन इंच चुकले तर मी अख्खा कोट उसवतो.
बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ऑपरेशन अजून लांब आहे, कारण व्यायाम तर अजून झालेलाच नाही. पुन्हा सहा आठवडे. उभं राहायचं काम बंद.
तिथून दुकानात गेलो. मालकांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, खिडकीपाशी उजेड चांगला आहे." काकांनी त्यांची बैठक थोडी सरकवली. संध्याकाळपर्यंत एकोणीस बटणं लावली. त्यातली चार काकांनी काढून पुन्हा लावली.

मंगळवार, १६ एप्रिल, सकाळी ६
कपाट सरकवायला दोघांनाही जमलं नाही. म्हणून ही पलंगावर माझ्यामागे बसली, कंबरेला तळहात लावून. भिंत म्हणून.
तीन झाले.
तीन लिहीत होतो. ही म्हणाली, तिसऱ्याला रेललात.
दोन.