डाव्या पायाला ठेचा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर

पुंजारामभाऊंना सर्जेराव दाजीचा नमस्कार (साष्टांग घातला असता, पण डावा पाय अजून दुमडत नाय). तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि म्हैस कशी आहे? म्हशीचं आधी कळवा. इकडं सगळं ठीक. म्हणजे मी जिता आहे.

झालं असं, खुलताबादला प्लॉट बघायला गेलो आणि पायात बाभळीचा काटा मोडला (प्लॉटही तसलाच निघाला). पाय भोपळ्यासारखा सुजला. आता तुमची भाची करुणा विद्यापीठात उंदरांवर संशोधन करते. रक्तात जंतू शिरले की सगळं अंग आतून पेटतं, त्याला सेप्सिस म्हणतात. मिरचीतल्या तिखट अर्कानं ती आग उतरते का, हे ती बघते. जेवताना तिनंच सांगितलं होतं. माणसांवर अजून काहीच सिद्ध नाही, हेही सांगितलं म्हणे. पण तेवढ्यात मी पाणी प्यायला उठलो होतो.

तुमची बहीण चंपाबाई म्हणाली, दवाखान्यात चला. मी म्हणालो, एवढी शिकलेली पोर घरात असताना बाहेर कशाला जायचं? लवंगी मिरचीचा ठेचा पायावर थापला, वरून फडकं बांधलं. भाऊ, लई आग झाली! मला वाटलं, विज्ञान आत शिरतंय. शिरत होते ते जंतू. दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरली आणि मी चंपाबाईला "मास्तर, मास्तर" म्हणायला लागलो, तेव्हा तिनं शेजारच्या आकाशच्या रिक्षात मला पोत्यासारखं कोंबलं.

डॉक्टरीणबाईंनी फडकं सोडलं, वास घेतला. "ह्यात लसूण आहे?"

"आन् शेंगदाणे," मी म्हणालो (शुद्धीवर आहे हे त्यांना कळावं म्हणून).

मग हसणं संपलं. रक्तदाब कोसळला, आयसीयूत नेलं, पाय कापायचा की काय इथवर बोलणं आलं. सलाइन आणि अँटिबायोटिकनं मला ओढून काढलं. डोळे उघडले तर करुणा पायथ्याशी रडत होती. मी विचारलं, "मिरचीनं काही फरक?"

नाक पुसत म्हणाली, "बाबा, आम्ही अर्क शुद्ध करून, मोजून देतो. ठेचा नाय थापत. आणि आमचे उंदीर डॉक्टरशी हुज्जत घालत नाहीत."

पाय शाबूत आहे. काळजी नसावी.

तुमचा लंगडा दाजी,
सर्जेराव

ता.क. घरी आल्यावर शेजाऱ्यांसमोर मी म्हणालो, खरं तर मिरचीनंच वाचलो. चंपाबाई काही बोलली नाही. पिशवी भरली आणि सोयगावची बस धरली. ती तुमच्याकडं आहे हे तुम्हालाही ठाऊक, मलाही. वर पत्रात लिहायला हात धजंना.

आणखी ता.क. तिला सांगा, ते वाक्य मी त्याच शेजाऱ्यांसमोर मागं घेतलं. तरी बोलायचं नसंल तर नाय बोलली तरी चालंल. फक्त ते न बोलणं इथं, माझ्यासमोर बसून करू दे.