साडेचार नव्हे, शून्य

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, बुद्धिबळाच्या प्रोग्रामची निवृत्त तपासनीस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. लेकीचा त्यावर विश्वास नाही.

१. राहते घर, बँकेतील ठेवी व कपाट लेकीला. कपाटाचे दार उघडताना किंचित उचलावे लागते.

२. सहाशे बारा डावांच्या वह्या, ऑफिसात माझ्या जागी आलेल्या बाईंना. हे सगळे डाव शेवटाला आलेले आणि बरोबरीत सुटणारे आहेत. एकेक डाव प्रोग्रामला घालायचा, कोण किती पुढे ते तो सांगतो. शून्याखेरीज काही आले की चूक. एकवीस वर्षे मी हेच केले. साहेब विचारत, "उत्तर शून्यच आहे, तर पगार कशाचा घेता?" साहेबांना माझा कॅलक्युलेटर द्यावा.

३. धाकट्या भावाला मी काहीही ठेवलेले नाही. अकरा वर्षांपूर्वी याच टेबलावर त्याच्याकडे एक उंट आणि कडेचे प्यादे उरले होते, माझ्याकडे नुसता राजा. पण ज्या घरात त्या प्याद्याचा वजीर व्हायचा, ते त्याच्या उंटाच्या रंगाचे नव्हते. माझा राजा त्या कोपऱ्यात ठाण मांडून बसला होता. त्याला कोणी उठवू शकत नाही. मी म्हटले, "बरोबरी." तो म्हणाला, "ताई, रडीचा डाव नको," आणि त्याने आमच्याच कंपनीचा प्रोग्राम लावला. प्रोग्रामने त्याला साडेचार प्याद्यांनी पुढे दाखवले. तो हरखला. मी पोट धरून हसले, तेही त्याच्या नव्या जावयासमोर. खरे तर चूक प्रोग्रामची, आणि ती पकडायचा पगार मी घेत होते. तो उठून गेला, तो आजतागायत आलेला नाही. फोनही उचलत नाही. माझे चुकले. मला त्याची फार आठवण येते.

वकीलबाई म्हणाल्या, "भावाला थोडं तरी ठेवा, वाईट दिसतं." पण त्यांनीच सांगितले की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, आणि साक्षीदाराने माझ्यासमोर बसूनच सही करायची. म्हणून त्याला काही नाही. बोलावणे वकिलांच्या कागदावर धाडले आहे. कागदाला तो नाही म्हणत नाही, फक्त मला म्हणतो.

स्थळ : जेवणाचे टेबल
दिनांक : ९ मार्च, रविवार
लिहून देणार : (सही)

साक्षीदार १ : शेजारचे औषधवाले (सही)

साक्षीदार २ : धाकटा भाऊ (सही)
हिने माझ्यासमोर सही केली, मी हिच्यासमोर केली. बरोबरी मला अजून मान्य नाही. ताई, पट मांड. मला घाई नाही.