दोन ओळींचा नकार

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन केला की तू "आई, नंतर बोलू का?" म्हणतेस आणि ते नंतर काही येत नाही. म्हणून आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा सरळ कागद पुढे ओढला. इकडे सगळं झकास आहे. लहान मुलांच्या चष्म्यांच्या फ्रेमा मी आता पुढच्या काचेत मांडल्यात, त्यामुळे शाळा सुटली की दुकानात नुसता कलकलाट असतो. तुझ्या मावशीला मात्र अजून पचलेलं नाही की तिची बहीण या वयात मोबाईलवर पुरुष बघते. दर रविवारी फोन करून ती आधी माझा गुडघा विचारते आणि मग आवाज खाली आणून म्हणते, "मग, पुढे काय झालं?" तिला पटत नाही, पण चुकवायचंही नसतं.

ते ॲप तूच घालून दिलंस. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी कुणाबरोबर कॉफी प्यायला जा, म्हणालीस. फोटोसाठी मला खिडकीपाशी उभं केलंस आणि चष्मा काढायला लावलास. मी तो परत घातला. चष्मे विकणाऱ्या बाईनं स्वतःचाच चष्मा लपवायचा, हे काही मला जमेना. आणि निघताना तू बजावलंस की दुकानाचा पत्ता कुणाला द्यायचा नाही. तो मी दिला नाही, म्हणून तर पुढची गंमत झाली.

नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांबद्दल तुला अर्धंच माहीत आहे. ते फार छान लिहायचे. स्वल्पविराम जागच्या जागी, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर. वाचनालयासमोरच्या कॅफेत भेटायचं ठरलं. मी निळी साडी नेसून जाऊन बसले, ते आले नाहीत. "अडकलात का?" असं लिहिलं, तर थोड्या वेळानं आमचं सगळं बोलणंच फोनमधून गायब. त्यांचा फोटोही गेला. मला वाटलं, फोन बिघडला. मग वाटलं, माणसालाच काहीतरी झालं. तुझे बाबा भाजी आणायला गेले ते बसस्टॉपवर कोसळले आणि आपल्याला संध्याकाळी कळलं, तेव्हापासून कुणी यायचं राहिलं की माझं डोकं दुसरीकडे जातच नाही. जवळच्या दोन्ही इस्पितळांत मी फोन करून चौकशी केली. तुला सांगितलं तर तू हसलीस. "आई, त्यानं तुला काढून टाकलंय. उत्तर न देणं हेच उत्तर असतं, सगळेच असं करतात," म्हणालीस. इतक्या पटकन म्हणालीस की मला ते खटकलं, पण विषय वाढवला नाही.

आता तुला माहीत नसलेला भाग. दीडेक महिन्यापूर्वी एक गृहस्थ चाचपडत दुकानात शिरले. चष्म्यावर बसले होते. दोन तुकडे हातात धरून म्हणाले, "बाई, मला काहीच दिसत नाहीये, आजच्या आज काहीतरी करा." मी त्यांना बघताक्षणी ओळखलं. त्यांना मी दिसतच नव्हते. मी ओळख न देता त्यांना खुर्चीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली आणि त्यात एकेक काच घालायला लागले. "आता? हे बरं की आधीचं?" असं विचारत गेले तसतशी मी त्यांना दिसत गेले. चौथ्या की पाचव्या काचेला ते अक्षरांच्या तक्त्यावरून नजर काढून माझ्याकडे बघायला लागले. कान लालबुंद. उठून जावं तर नाकावर माझी फ्रेम, आणि ती काढली तर दार दिसणार नाही.

मी म्हटलं, "बसा, डावा डोळा राहिलाय."

शेवटी तेच म्हणाले, "मी आलो होतो. बाहेरून बघितलं तर तुम्ही कॉफी आणणाऱ्या मुलीशी मोठ्यानं हसत होतात. मला वाटलं, एवढ्या हसऱ्या बाईसमोर बसून मी बोलणार काय? घाबरलो. फोन हातातच होता, बटण होतं, दाबलं. मग तुमचा निरोपही दिसेना आणि लाजही वाटेना."

मी त्यांना शांतपणे सांगितलं की मी तुम्हाला इस्पितळांत शोधत होते. तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. आपली कुणी अशी काळजी करत असेल हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्यांनी माफी मागितली, आणि ती वरवरची नव्हती. मी डावा डोळा नीट तपासला, नंबर वाढला होता तो सांगितला, आणि नव्या चष्म्यासाठी चेहऱ्याला शोभेलशी फ्रेमही निवडून दिली. परत भेटायचं का, असं त्यांनी दारात विचारलं. मी नाही म्हटलं. तोंडावर, हसून. ते मान हलवून गेले आणि मला एकदम मोकळं वाटलं.

तुझी मावशी म्हणेल, फोननं माणसं बिघडवली. मला ते अर्धंच पटतं. घाबरट माणसं आमच्या वेळीही होती. पण तेव्हा तोंड चुकवायचं तर निदान रस्ता ओलांडावा लागायचा, कुणाच्या तरी आत्यानं बघितलं की दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागायचा. आता अंगठा हलला की झालं. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. ज्याला नाही म्हणायचं त्याला मी दोन ओळी लिहिते: तुमच्याशी बोलून बरं वाटलं, पण पुढे जावं असं मला वाटत नाही. एकानं मला आगाऊ म्हटलं, म्हणू दे. संगीत शिकवणाऱ्या एका मास्तरांनी उलट आभार मानले, निदान कळलं तरी, म्हणाले. आणि सध्या एक निवृत्त बसचालक आहेत, त्यांच्याबरोबर मी फिरायला जाते. परवा उशीर होणार म्हणून त्यांनी मी घरातून निघायच्या आतच कळवलं. पुढचं पुढे, पण तेवढ्यानंच माझं निम्मं मन त्यांनी जिंकलंय. मावशीला सांगू नकोस, तिचा रविवार फुकट जाईल.

आता कागद का ओढला ते सांगते. काल दुकान उघडलं आणि फोन वाजला. तुझा तो लांब्या, लिफ्ट दुरुस्त करणारा, जो आपल्याकडे जेवायला आला तेव्हा ओट्यावरच्या दिव्याला डोकं आपटून दिव्यालाच सॉरी म्हणाला होता. म्हणाला, "काकू, त्रास देतोय. तिला फोन द्या, समजूत घाला, असं काही मी म्हणत नाही. महिनाभर तिचं काहीच नाही, नंबरही लागत नाही. ती बरी आहे ना, एवढंच सांगा." मी म्हटलं, बरी आहे रे, धडधाकट आहे. पलीकडे त्यानं श्वास सोडला. "मग ठीक," म्हणाला, आणि आणखी काही न विचारता फोन ठेवला. ठमे, तू त्याला का सोडलंस ते मी विचारणार नाही. नको असेल तर नको, त्यात मी तुझ्याच बाजूची आहे. पण तो तुझ्या नकाराची नाही, तुझ्या जिवाची चौकशी करत होता. मी त्याला तू बरी आहेस एवढंच सांगितलं. पुढचं वाक्य तुझं आहे, ते माझ्या तोंडून त्याला कळणं बरं दिसणार नाही. आजच लिही.

तुझीच,
जरा आगाऊ झालेली
आई