भर सभेत सांगितलेला पासवर्ड

ती. ताई,

धाकट्याचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याची चौकशी आधीच करून घेतो, कारण एकदा सर्व्हरवर घसरलो की गुडघा राहून जाईल. भावजींचा खोकला गेला का? मी ठणठणीत. पत्रास कारण तुझी लेक.

घाबरू नकोस, तक्रार नाही. वाचनालयाचा सर्व्हर (मागच्या खोलीतला तो गुरगुरणारा डबा, लिनक्सवर चालतो) आणि माझ्या टेबलावरचा संगणक ती सांभाळायला लागल्यापासून तिच्याबद्दल बोलताना माझा आवाज आपोआप चढतो. त्या डब्यात अकरा वर्षं खपून केलेली चाळीस हजार पुस्तकांची सूची आहे. ती गेली तर आम्ही नुसते कपाटांचे रखवालदार.

आमचा सर्व्हर चारशे दिवसांत एकदाही बंद झालेला नाही, असं मी छाती काढून सांगत असे. कार्टी म्हणाली, "मामा, म्हणजे चारशे दिवस त्याची नीट दुरुस्तीच झाली नाही. मिरवताय काय?" (ही जीभ तुझी.) तिची रीत अशी: आधी बॅकअप, मग तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा, अपडेट आधी तिथे, आणि सगळं धड चाललं तरच खऱ्या सर्व्हरला हात. एवढ्या तयारीने क्रांत्या झाल्या असत्या तर जगाचा इतिहास निम्म्या पानांत मावला असता!

आता माझा पराक्रम. वार्षिक सभेत मी सुरक्षिततेवर पाऊण तास बोललो. आखूड पासवर्ड हा भ्याडपणा आहे, असं गरजलो. लांबलचक कसा असावा हे मनावर ठसावं म्हणून एक म्हणूनही दाखवला. ओघात माझाच. कडाडून टाळ्या पडल्या. तुझी लेक तेवढी मधूनच उठून गेली. मला वाटलं, कंटाळली.

मी चहा घेत अभिनंदन स्वीकारत होतो, तेव्हा ती माझ्या टेबलाशी बसून तो पासवर्ड बदलत होती. सकाळी तिने नोंदी दाखवल्या. माझ्या नावाने सर्व्हरचं दार छत्तीसदा ठोठावलेलं, एकदाही उघडलेलं नाही. पासवर्ड सांगून आत शिरायची सोयच तिने महिन्यापूर्वी बंद केली होती. ज्या संगणकात तिने दिलेली किल्ली आहे, तोच आत. (एक किल्ली माझ्या संगणकात, आणि तो उघडतो त्याच पासवर्डने, म्हणून ती सभेतून धावली.) ती सोय बंद केली तेव्हा मीच तिला "अविश्वासाने संस्था चालत नाहीत" असं सुनावलं होतं. ते शब्द मी मागे घेतले, सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर, उभं राहून. ती म्हणाली, "कळलं, मामा. बसा आता."

अशी लेक घडवल्याबद्दल तुम्हा दोघांना माझा सलाम.

तुझा धाकटा

ता. क. तिने माझ्या खात्याचे सगळे विशेष अधिकार काढून घेतलेत. साधा प्रिंटर जोडायचा तरी तिला हाक मारावी लागते. आई म्हणून एक शब्द टाकशील? खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. क. २ वरचं रद्द. हे संगणकावरच लिहितोय, आणि ती आत्ता मागे येऊन उभी राहिली. अपडेट झालंय, मशीन बंद करून चालू करायचंय, आटपा म्हणते. अध्यक्षांच्या घंटेला मी उभ्या आयुष्यात जुमानलेलं नाही, पण सूची जिच्यामुळे शाबूत आहे तिने थांब म्हटल्यावर