दुसरं पान

३ जून १९५७, सोमवार

आले एकदाची बऱ्हाणपूरला. स्टेशनवर मधुकरकाका स्वतः टांगा घेऊन उभे होते. बाबा गेल्यावर आमची विचारपूस करणारे हे एकटेच, आणि ही नोकरीही त्यांनीच दिली. राजघाटाच्या वरच्या अंगाला त्यांच्या संस्थेचं शुश्रूषागृह आहे. एक लांब दालन, चौदा खाटा, खिडकीतून तापी. घरी ज्यांचं करायला कुणी नाही असे म्हातारे इथे राहतात. मी त्यांची परिचारिका आणि लेखनिकही. काका म्हणाले, नागपूरचा कारभार सुटून गेल्या नोव्हेंबरपासून आपण भोपाळच्या राज्यात गेलो, रोज नवे हिंदी कागद येतात, वाचणारं माणूस हवंच होतं. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढले.

६ जून

इथली शिस्त गमतीची आहे. सकाळी आधी हजेरी, मग चहा. वही खाटेपाशी न्यायची, अंगठा घ्यायचा, तेव्हा कप हातात. कडूआजोबा दोनदा अंगठा उठवतात, दोन कप मिळतील या आशेने. मीही देते.

सोजरबाई शाहपूरच्या. जन्मभर केळीचे घड कापले, कधीतरी विळा अंगठ्यावर बसला, म्हणून त्यांच्या ठशात मधोमध आडवी रेघ उमटते. गुडघे गेलेत. मुलगा उखर्डू दर बाजाराला केळी घेऊन येतो. त्यांना माझ्याकडून सगळं वाचून हवं असतं, अगदी काडेपेटीवरचंसुद्धा. ऐकून झालं की, "तू वाचलं ना बेटा, मंग झालं," म्हणतात आणि डोळे मिटतात. इतका विश्वास माझ्यावर आईनेही कधी टाकला नाही.

११ जून, मंगळवार

मुंबईकडे पसरलेला फ्लू इथल्या शनवारा पेठेत पोचला. घरटी दोघं तरी अंथरुणात आहेत म्हणे. काका सकाळीच कागद घेऊन आले. साथीच्या काळात अशा गृहांसाठी नवा कायदा झालाय, प्रत्येकाचा अंगठा लागेल, असं म्हणाले. दोन पानं होती. पहिलं मी दालनाच्या मध्यभागी उभी राहून खणखणीत वाचलं. औषध, दूध, घोंगड्या मिळतील असं त्यात होतंच. दुसरं उलटलं तर काका म्हणाले, तेच ते आहे, कोर्टाच्या हिंदीत, चहा निवतोय. सोजरबाईंनी विचारलं, पुरं झालं का. मी हो म्हटलं.

चौदा अंगठे झाले. खाली, वाचून दाखवणारी म्हणून, माझी सही. एक प्रत माझ्याकडे ठेवली.

१५ जून

चौघांना ताप. काका औषध आणायला परवाच खंडव्याला गेले, अजून पत्ता नाही. आज उठून पाहते तर फाटकाला बाहेरून कुलूप, आणि एक शिपाई. स्वयंपाकीण मालूबाईलाही आत सोडलं नाही. शिधा फाटकावरून देतात. डॉक्टर पाठवा म्हटलं, तर शिपाई म्हणाला की कागदात तसं नाही. कुठला कागद, ते मला विचारायचं धैर्य झालं नाही.

१७ जून

उखर्डू आला होता, गाडीत गादी घालून, आईला न्यायला. शिपायानं त्याला कागद दाखवला. आई स्वखुशीने इथेच राहणार, असं लिहिलंय आणि खाली अंगठा आहे म्हणाला. मी खिडकीतून ओरडत होते, पण उखर्डू ठशातली रेघच पाहत बसला होता. ती खोटी कशी म्हणणार? बऱ्याच वेळाने त्याने बैल वळवले.

सोजरबाई तेव्हा तापाच्या ग्लानीत होत्या. त्यांना वाटतंय, मुलगा आलाच नाही. मला सांगवलं नाही.

१८ जून

दुसरं पान काढलं. बाहेर जाण्याचा हक्क सोडला. डॉक्टर मागण्याचा हक्क सोडला. कुणी मेलं तर संस्थेवर आणि संचालकांवर दावा चालणार नाही. काकांना सगळी सूट. बाबांच्या तिरडीला खांदा दिलेला माणूस हा! आणि त्याने फसवलं ते माझ्या तोंडून. शेवटचं कलम राहिलं, कडूआजोबा पाणी मागत होते.

२० जून

कडूआजोबा गेले. दुपारी सोजरबाई. आणखी तिघं. गाडी येऊन मढी घेऊन गेली. सोजरबाईंनी जीव जाताना एवढंच विचारलं, तेव्हा पुरं वाचलं होतं का. मी हो—

२१ जून

आता नऊ जण आहेत. हजेरीची वही उघडली तर चौदा खाटांचे अंगठे. कडूआजोबांचे दोन. एकात आडवी रेघ. शाई ओली होती. मी नऊच कप केले होते.

२३ जून

तीन जण. अंगठे सगळे.

मालूबाई भिंतीपलीकडून सांगून गेली. काका खंडव्याला गेलेच नव्हते. भोपाळात आहेत. साथीतही गृह उघडं ठेवलं म्हणून हार घातले त्यांना.

वही चुलीत घातली.

२४ जून

ठसे आता या रोजनिशीत. कालच्या पानावर, कडेने. चहाच्या वेळेला रिकाम्या खाटा एकेक करून करकरल्या, कुणी ऐकायला उठून बसावं तशा. उशांवर खळगे—

चहा नको आहे त्यांना.

२५ जून

कुणी उरलं नाही. मला ताप. शिपाई म्हणतो, बाई, तुमचंही नाव आहे कागदात.

वाचतेय. सकाळपासून, मोठ्याने, दुसरं पान. थांबले की जवळची खाट करकरते.

शेवटचं कलम. गृहातल्या सर्व मृत्यूंना जबाबदार, ज्या व्यक्तीने हा कागद पुरा वाचून दाखवल्याची सही केली, ती—

माझी सही. तिच्यावर अंगठा. आडवी रेघ. ओला.

वाचलं. सोजरबाई, पुरं वाचलं, आता तरी—

कानाशी कुणीतरी. तू वाचलं ना बेटा, मंग—