सकाळचा खटका

२ फेब्रुवारी

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्राला उत्तर नाही, म्हणून आठवण करून देते: तुला एक आजी आहे. दात चार, जीभ शाबूत, अक्षराशी जन्माचं वैर. मी बोलते, तुझी आई लिहिते आणि माझे चांगले टोमणे गाळते.

जगाची वायरिंग करत फिरतेस, आता घरचं ऐक. तुझ्या बापाने छपरावर सोलर बसवलं, भिंतीत तारा घातल्या, सहा वर्षं कुरकुर नाही. तो गेला आणि महिन्याभरात अर्थिंगचा खटका रोज सकाळी पडायला लागला. तो पडला की सगळं घर बंद, आजोबांचं श्वासाचं मशीनसुद्धा. तुझी आई धावत जाऊन तो वर करते, पण तेवढ्यात त्यांचे ओठ निळे पडतात. तुझा काका म्हणतो, खटका वगळून तारा सरळ जोडतो, कटकट मिटेल. पंधरा तारखेच्या रविवारी येतोय. जोडू देऊ का?

लोभ आहे, तो असा रोज खाली पडू नये.

तुझी आजी

५ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

काकांना त्याला हात लावू देऊ नकोस. खटका रुसून पडत नाही. वीज तारेबाहेर कुठेतरी गळते, म्हणून पडतो. आजोबांच्या उशाशी ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर ठेवा. मग आईने रोज एकेका खोलीची लाइन बंद ठेवून बघायचं. जी बंद असताना खटका पडणार नाही, गळती तिथली.

आणि तो पडतो त्या क्षणी कोणाचा हात कशावर होता, ते प्रत्येकाने खरं सांगायचं. आपल्या घरात लपवण्यात पटाईत कोण, ते मला ठाऊक आहे.

लोभ आहेच, त्याला गळती नाही.

ठिणगी

१५ फेब्रुवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

पुढच्या खोलीची लाइन बंद होती त्या सकाळी खटका पडला नाही. तरी आज काका पेचकस घेऊन स्टुलावर चढलाच. तुझी आई बोर्डाच्या आड उभी राहिली. म्हणाली, खटका पडतो तेव्हा हात कशावर असतो, ते आधी सासूबाईंना विचारा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणून सांगते.

त्या खोलीत तुझ्या बापाचा फोटो आहे, पत्र्याच्या चौकटीतला. फरशी पुसली की मी तो ओल्या फडक्याने पुसते. पहिल्याच दिवशी बोटांना चिमटा बसला, मुंग्या कोपरापर्यंत गेल्या, आणि घर बंद पडलं. मला वाटलं, तोच आहे. लहानपणी असाच मागून येऊन चिमटा काढायचा. मग रोज हात लावत गेले. खटका माझ्यामुळे पडतो, हे तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. आत म्हातारा श्वासासाठी धडपडतोय, हेही दिसत होतं. तरी लावत होते हात.

तुझ्या आईने लिहिणं थांबवलं. मी म्हटलं, लिही, यातलं एक अक्षर गाळू नकोस.

लोभ ठेवावासा वाटला तर ठेव.

आजी

१८ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

रागवायला बसले होते, जमलं नाही.

मेन बंद करूनच फोटो उतरवा. त्याचा खिळा भिंतीतल्या तारेत घुसला असणार. वीज तुझ्या ओल्या हातातून, ओल्या फरशीवरच्या अनवाणी पायांतून जमिनीत जात होती. खटका पडला, म्हणून ती क्षणभरच राहिली. काकांनी तो वगळला असता, तर दुसऱ्या सकाळी तुझा हात सुटला नसता.

ते बाबा नव्हते, आजी. पण खटका त्यांनीच बसवला होता, तुझ्यासाठी. म्हणायचे, म्हातारी ओल्या हाताने बटणं दाबते, ऐकत नाही.

लोभ आहे, तू मात्र जपून अस.

ठिणगी

२४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

खिळा निघाला. टोकाला तांबं लागलेलं होतं. जागा मी दाखवली, खिळा काकाने ठोकला, तार तुझ्या बापाने घातली. तिघांच्या कष्टाचं फळ! काका नवी तार ओढून गेला. खटक्याला हात लावला नाही. मशीन चालू आहे.

आजोबांना मी सगळं कबूल केलं. ते म्हणाले, आधी सांगितलं असतंस, तर मी थोडा वेळ श्वास धरला असता.

फोटो आता कपाटावर ठेवलाय. काल पुसला, कोरड्या फडक्याने. काही झालं नाही.

लोभ असू दे, आम्हा दोघांवर.

तुझी आजी

ता. क. तिकडचा खजूर पाठव, बिया काढून. आजोबांना अर्धाच चालतो. तुझ्या बापाच्या वाटचाही पाठव, आणि तो कोण खातं ते विचारू नकोस.