शेवटच्या दोन चौकटी

प्रिय वन्सं,

आपली सहा पानं आज प्रकाशकाकडे निघाली आहेत. पाकीट बंद करून टेबलावर ठेवलंय, त्यावर कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाची तिकिटं लावली आहेत, आणि तुमचा भाऊ बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतोय. तो हाक मारेपर्यंत तुमच्याशी बोलून घेते. तुम्हाला न विचारता काही पाठवलं तर तुम्हाला चालायचं नाही, हे मला अजून पाठ आहे.

आपली पहिली फजिती आठवते? प्रकाशकाने चित्रकथेच्या ‘नमुन्याची पानं’ मागवली होती. तुम्ही जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवलेली. नमुना म्हणजे उत्तम चित्र, अशी तुमची पक्की समजूत. तुम्ही तांब्याची कळशी आणि तिच्यापाशी तीन वांगी काढलीत, गावची जत्रा काढलीत, काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवून भोवती पांढरी किनार दिलीत. नियम इंग्रजीत होते आणि ते वाचायला मी होते. पण ती वांगी बघून मीही नियम विसरले. उत्तर आलं, चित्रं सुंदर आहेत, गोष्ट कुठे आहे?

जेवण झाल्यावर ताट उचलताना तुम्ही म्हणालात, “मग गोष्ट दे. बसून काय राहिलीस?”

मी आपलीच दिली. एडमंटनच्या थंडीत खिडक्या बंद करून नणंद फोडणी करते, धुराचा अलार्म कोकलतो, भावजय झाडू उंचावून त्याला बडवते, आणि दारात अग्निशमन दलाचा बंब उभा राहतो. चित्रं तुमची, संवादांच्या फुग्यांतली अक्षरं माझी. कॉन्व्हेंटात अक्षर सुधारायला नन्सनी माझ्या बोटांवर पट्ट्या मारल्या त्या अखेर कारणी लागल्या.

आणि मग पायांवरून महाभारत! प्रत्येक चौकटीत माणूस डोक्यापासून नखापर्यंत. चेहरे शेंगदाण्याएवढे.

“वन्सं, राग दिसायला हवा. चेहरा जवळून घ्या.”

“पाय कापले की परीक्षक मार्क कापतो, शैला.”

“इथे परीक्षक नाही, बर्फ आहे. पाय त्यात बुडालेलेच असतात.”

तुम्ही हसला नाहीत. पायच काढत राहिलात.

मंडळाच्या हळदीकुंकवाला ती कोण पोक्त बाई म्हणाली होती, “या वयात कार्टून? त्यापेक्षा भजनाला या.” या वयात म्हणजे काय हो? निवृत्त बाईने नातवंडं सांभाळावीत, नाहीतर टाळ कुटावेत, तिसरं काही करू नये, असं कुठे लिहून ठेवलंय? मी तिथे बोलणारच होते, पण तुम्ही माझ्या हातावर आणखी एक लाडू ठेवलात. तोंड बंद करायची तुमची रीत. तेवढ्यापुरती तरी लागू पडायची.

मार्चमध्ये तुम्ही हॉस्पिटलात गेलात. “शेवटच्या दोन चौकटी आल्यावर काढते,” म्हणालात. असं सांगून कुणी जातं का, वन्सं?

सहावं पान मी उन्हाळा येईपर्यंत उघडलं नाही. उघडलं, तर रिकाम्या जागेच्या आधीच्या चौकटीत माझा चेहरा होता. फक्त चेहरा, हनुवटीखाली कापलेला. चिडलेलं नाक, घसरलेला चष्मा, सगळं हुबेहूब. मला न दाखवता काढलात. ऐकलंत म्हणायचं माझं! मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिले आणि दूध उतू गेलं.

रेवा म्हणाली, “आई, दोनच तर चौकटी आहेत. कुणाकडून तरी फिनिश करून घे ना. इट्स नॉट अ बिग डील.”

“तुझ्या आत्याचं नाक दुसऱ्या कुणी काढायचं?”

“मग तू काढ.”

हे तिने मला चिडवायला म्हटलं. मी पट्टी घेऊन बसले. मला सरळ रेघेपलीकडे काही येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी आपलं पुढचं दार काढलं. बाहेरून, बंद. दोन्ही चौकटींत तेच दार. बंब निघून गेलाय, आपण दोघी आत आहोत, आणि फुगे दारातून बाहेर येताहेत. पहिल्यात मी म्हणते, “पुढच्या वेळी खिडकी उघडा.” दुसऱ्यात तुम्ही म्हणता, “पुढच्या वेळी मी मागेन तेव्हाच मोहरी दे.” रेवा वाचून हसली, मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला बसली. मला तर ते पान फार आवडतं. आपण अजून आत आहोत असंच वाटतं.

राहता राहिलं सोबतचं पत्र. उरलेलं पुस्तक हीच चित्रकार काढेल का, असा प्रकाशकाचा प्रश्न असतो. रेवाचं म्हणणं, आधी होकार येऊ दे, मग सांग. खोटं बोलून होकार घ्यायचा? मी लिहिलं, चित्रकार माझी नणंद होती, ती या वसंतात गेली, ही सहा पानं तिची आहेत, शेवटची दोन दारं माझी. नको असेल तर नको म्हणा.

तुमचा भाऊ हॉर्न वाजवतोय. या माणसाला धीर नाही, तुमच्या घराण्यात कुणालाच नाही.

एक वचन देते. पुस्तक घ्यायचं ठरलं तर पुढची पानं दुसरं कुणीतरी काढेल. ती येईल तेव्हा तिला मी चहा देईन, तिच्याशी भांडेनही. पण ही सहा पानं कुणाला सुधारू देणार नाही. चेहरे शेंगदाण्याएवढे असू देत. सगळ्यांचे पाय जागेवर राहतील.

तुमची भांडखोर भावजय,
शैला